संध्याकाळपर्यंत चार चाकांवर

लातुरातल्या जलील मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता, आणि तो भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता. दिवस मावळतानाच्या मगरिबच्या अजानीपर्यंत आवारातली प्रत्येक गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे. इंजिन खोललं असेल तर परत बसवलेलं, चाक काढलं असेल तर लावलेलं. एका दिवसात न बसणारं काम तो घ्यायचाच नाही. गिऱ्हाइकाला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगायचा. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. पहाटे कधीही यावं, फाटकामागच्या खिळ्यावरून किल्ली घ्यावी आणि गाडी जमिनीवर असली की काढून न्यावी. मिस्त्रीला हाक मारायची गरज नसे. गाडी जमिनीवर आहे, म्हणजे ती तयार आहे.

हा नियम त्र्याण्णवच्या सप्टेंबरपासूनचा. त्या वेळी जलीलच्या आवारात एका बियाणेवाल्याची जीप खोललेली होती. इंजिनाचं हेड काढून ओट्यावर ठेवलेलं, वाल्व्ह घासलेटात बुडवलेले. पहाटे जमीन हलली तेव्हा फळीवरचे डबे पडले, भिंतीला तडा गेला, बाकी काही झालं नाही. उजाडताना बातम्या येऊ लागल्या, औशाच्या पलीकडची गावंच्या गावं बसली म्हणून. त्याची धाकटी बहीण वहिदा त्यातल्याच एका गावात दिलेली होती. रस्त्यावर दिसेल ते वाहन भरून निघालं होतं. त्याच्या दारात जीप होती, पण तिच्या इंजिनाचे तुकडे ओट्यावर होते. त्यानं ती जोडायला घेतली. एक नट मातीत पडला, तो शोधण्यात किती वेळ गेला हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही.

तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते, पाऊस लागला होता आणि गावाला गल्ल्या उरल्या नव्हत्या. वहिदाच्या घरावर चार माणसं हातांनी दगड काढत होती. मध्ये सागवानी तुळई आडवी पडली होती, ती कुणाला हलत नव्हती. जलीलनं जीपमधला जॅक काढला. तुळई पाच मिनिटांत उचलली गेली.

"दहापर्यंत बोलत होती," बाजूला उभा असलेला म्हातारा म्हणाला. "भाऊ येऊन राहिला, म्हणत होती."

तेव्हापासून त्याच्या आवारात एकही गाडी रात्रभर खोललेली राहिली नाही. बायको आलिया म्हणायची, घरचा नळ महिना झाला गळतोय, त्यालाही एकदा चार चाकं लावा. तो हसायचा. नळ गळत राहायचा.

शहर मात्र पालटत गेलं. जिथं लोक मदतीचे ट्रक घेऊन आले होते, तिथं काही वर्षांनी लोक शिकवणीसाठी आपली पोरं घेऊन येऊ लागले. नायगाव, देगलूर, जळकोट, कुठून कुठून. मोकळ्या प्लॉटांवर पत्र्याचे वर्ग उठले, घरांवर वसतिगृहाचे मजले चढले. पहाटे सहाच्या आधी गल्लीगल्लीतून सायकली निघायच्या, अंधारात, एकामागोमाग, कुणी कुणाशी न बोलता.

रविकांत सर अशाच एका पत्र्याच्या वर्गात तीनशे पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचे. तीन दिवस लातूर, तीन दिवस नांदेड. त्यांच्याकडे पांढरी एस्टीम गाडी होती आणि तीच त्यांची एकमेव चैन. उदगीरच्या बाहेर चन्नबसप्पा नावाच्या आडत्यानं आपल्या बरड रानात दोन किलोमीटरचा गोल डांबरी रस्ता करून घेतला होता. महिन्यातल्या एका रविवारी वेगाचं वेड असलेले पंधरावीस जण तिथं जमायचे, डॉक्टर, बियाणेवाले, बीदरकडचे दोघं. बक्षीस काही नव्हतं. एकेकानं घड्याळ लावून पळायचं आणि मागच्या महिन्याची आपलीच वेळ मोडायची.

एकच गाडी, तिनं रविवारी जीव तोडून पळायचं आणि मंगळवारी मुकाट्यानं नांदेड गाठायचं, ही जबाबदारी जलीलची. शनिवारी तो ब्रेक ऑइल बदलायचा, कारण जुनं ऑइल तापून उकळलं की पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. कूलंट बघायचा, पट्टे चाचपायचा, चाकांचा प्रत्येक नट स्वतः आवळायचा. उदगीरला सरांच्या फेऱ्या संपल्या की एक फेरी सावकाश मारायला लावायचा, गाडी निवायला. थांबल्यावर हँडब्रेक ओढू द्यायचा नाही; तापलेला ब्रेक आवळून ठेवला की बिघडतो. त्याऐवजी चाकाखाली वीट लावायचा. ही वीट तो लातूरहून न्यायचा, आणि चन्नबसप्पा दर वेळी विचारायचा की मिस्त्री, उदगिरात विटा मिळत नाहीत का.

सगळ्यात महत्त्वाचे होते ब्रेकपॅड. त्यांचे दोन जोड होते. शर्यतीचे पॅड हैदराबादेहून आणलेले. ते तापले की असे धरतात की माणूस पुढं फेकला जावा; पण थंड असताना दगडासारखे, पाय कितीही दाबा, गाडी सरकतच राहते. म्हणून शनिवारी संध्याकाळी ते चढवायचे, रविवारी उदगीरला वाटेत ब्रेक तापवत सावकाश जायचं-यायचं आणि परत आल्याबरोबर ते उतरवून रोजचे लावायचे. यात कधी चूक झाली नव्हती.

"सर, पोरांना घर्षण शिकवता अन् वळणावर सोता इसरता," तो म्हणायचा. सर हसायचे. एकदा त्यांनी आग्रह केला, तुम्हीही एक फेरी मारा. जलीलनं मान हलवली. "मला पळायचं न्हाई सर. मला पोचायचं हाय."

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते दोघं पाच वाजता उदगीरहून परत आले. सर घरी गेले. जलीलनं गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं काढली आणि डब्यातून रोजचे पॅड काढले. त्यातल्या एकाचा थर लोखंडी पत्र्यापासून सुटून त्याच्या हातात आला. स्पेअर पार्टवाल्या वीरण्णाचं दुकान रविवारी बंद असायचं. जलील त्याच्या घरी गेला. वीरण्णा म्हणाला, माल आहे, पण किल्ली भावानं निलंग्याला नेली. सकाळी सातला पहिलं काम तुझं.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. एस्टीम पुढून उचललेली, दोन्ही चाकं बाजूला पडलेली, आतल्या डिस्क उघड्या. अशी ती उद्या सातपर्यंत राहायला हवी होती. त्यानं एक चाक उचललं, खाली ठेवलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. सरांना सांगावं म्हणून तो तिथपर्यंत गेलाही. दुकानदारानं फोन पुढं सरकवला. जलीलनं रिसीव्हर हातात घेतला, आणि काय म्हणायचं ते त्याच्या तोंडातून निघेना. त्यानं तो परत ठेवला आणि विडीचं बंडल मागितलं. तो विडी ओढत नव्हता.

सर सोमवारी साडेसातच्या आत कधी येत नसत. सातला पॅड येतील, अर्ध्या तासात बसतील. त्यानं शर्यतीचेच पॅड ठेवून चाकं लावली, नट आवळले, जॅक उतरवला. अजान झाली तेव्हा गाडी चार चाकांवर होती. किल्ली त्यानं सवयीनं खिळ्याला अडकवली.

परीक्षा जवळ आली म्हणून सरांनी सोमवारी सहाला उजळणीचा तास ठेवला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. पावणेसहाला सर आले. जलील मशिदीत होता. फाटकामागं किल्ली होती, गाडी जमिनीवर होती.

वर्गाच्या कोपऱ्यावर एक मुलगी सायकलवरून आडवी आली. रेणुका तिचं नाव, जळकोटची, बारावीला. सरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण सायकलीच्या चार हात पुढं जाऊन. मुलीचा जीव वाचला. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला. परीक्षेला वीस दिवस उरले होते.

लोक म्हणाले, अंधार होता. सायकलीला दिवा नव्हता, पोरं पण डोळे मिटूनच निघतात. ब्रेकचं नाव कुणी काढलं नाही. मुलीच्या बापानंही तक्रार केली नाही. सर स्वतः तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले होते, हेच तो सगळ्यांना सांगत होता.

संध्याकाळी जलील सरांच्या घरी गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सरांनी टेबलावरची खडूची डबी बाजूला सरकवली.

"गॅरेजजवळच्या वळणावरच कळलं होतं मला," ते म्हणाले. "पाय दाबला, गाडी ऐकेना. थांबायला पाहिजे होतं. पण वाटलं, जलीलभाईनं उभी केलेली गाडी आहे. माझंच काहीतरी चुकत असेल."

सर ओरडले असते तर जलीलला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी तो जळकोटला गेला. रेणुकाचा बाप मारोती पंचायत समितीत शिपाई होता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली लोखंडी पेटीवर पुस्तकं. मारोतीनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. रेणुका दाराशी उजेडात बसून डाव्या हातानं वहीत लिहीत होती. पानभर एकच सूत्र, मोठ्या वाकड्या अक्षरांत, वर चढत गेलेलं. प्लास्टरमधला उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवलेला.

जलीलनं पॅडबद्दल सांगितलं. शर्यतीचे कुठले, रोजचे कुठले, कुठला सुटून हातात आला. दुसऱ्याच कुणाचं बोलावं तसं, कामाच्या भाषेत. मारोतीला त्यातलं अर्धं समजलं नसावं. तो म्हणाला, होणारं होतं मिस्त्री, तुम्ही एवढ्या लांब आलात. रेणुकानं मात्र पेन थांबवलं.

"चाचा, तुमाला म्हाईत होतं का, ब्रेक लागणार न्हाई म्हणून?"

"हाव."

"मंग सरांना नुसतं सांगायचं होतं. गाडी तयार न्हाई म्हणून."

रागानं म्हणाली नव्हती ती. गणित कुठं चुकलं ते दाखवावं तसं म्हणाली होती. जलील चहा संपेपर्यंत बसला. परत येताना एसटीत खिडकीपाशी त्यानं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. तीन शब्द होते. त्र्याण्णव सालच्या त्या सकाळपासून त्यानं ते एकदाही उच्चारले नव्हते.

बोर्डानं रेणुकाला लेखनिक दिला, नववीतला मुलगा. ती सांगायची, तो लिहायचा. सूत्रं तो शब्दांत लिहायचा आणि आकृत्या त्याला येत नव्हत्या. जूनमध्ये निकाल लागला. मेडिकलला थोडे गुण कमी पडले. मारोतीनं जलीलला पोस्टकार्ड टाकलं, त्यात निकाल एका ओळीत होता. पुढं लिहिलं होतं की पोरीला पुन्हा वर्षभर लातूरला ठेवणं जमणार नाही, आता धाकट्याचा नंबर आहे, ती उदगीरला बी.एस्सी.ला जाईल. तुमची तब्येत सांभाळा. ते कार्ड जलीलनं अवजारांच्या पेटीत ठेवलं.

रविकांत सर पुन्हा उदगीरच्या रानात गेले नाहीत. गाडी मात्र त्याच्याकडंच टाकायचे.

जुलैत एस्टीमचा क्लच गेला. जलीलनं गिअरबॉक्स उतरवला, आणि दुपारी वीरण्णाकडून निरोप आला की प्लेट उद्या येईल. दुसऱ्या दिवशी सरांना नांदेडला जायचं होतं. जलील संध्याकाळी पुढचं चाक हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग ते त्यानं भिंतीला टेकवून ठेवलं. खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, विडी का. त्यानं फोनकडं बोट दाखवलं.

"सर, जलील बोलून राहिलो." पुढं तो थांबला. पलीकडून सरांनी दोनदा हॅलो म्हटलं. "गाडी तयार न्हाई."

सर म्हणाले, बरं. मी एसटीनं जाईन.

एवढंच होतं ते. तो परत आला तेव्हा अजान सुरू झाली होती. आलिया दारात उभी राहून उचललेल्या गाडीकडं बघत होती. तिनं आत जाऊन नमाजाआधीच्या वजूसाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जलील गाडीच्या बाजूला खाली बसला. खोललेली जीप आणि ओट्यावरचं हेड त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि मातीत पडलेला तो नट. अजान संपली तरी तो उठला नाही. हात जॅकवर ठेवून बसून राहिला, जणू तो सोडला तर वर पेललेलं सगळं खाली येईल.