स्मशानाची मोजणी

देवपुरात माझं काटेरी तारेचं आणि सिमेंट खांबांचं दुकान आहे. तार मापून होईपर्यंत गिऱ्हाईक जमिनीचा सगळा इतिहास सांगून टाकतं. माझी शाळा नववीपर्यंत, सातबारा वाचायला मी या काउंटरवरच शिकलो. किस्से इतके साठलेत की त्यांना वेगळं गोडाऊन लागेल! आज फक्त नानांचे सांगतो.

नाना म्हणजे धुळ्याजवळच्या एका खेड्यातले रिटायर्ड पोस्टमन. गावाच्या स्मशानाची जागा सरकारी. तिला एका पुढाऱ्याने कुंपण घातलं आणि आत कपाशी लावली. जागा मोजून मोकळी करा म्हणून नानांनी अर्ज केला.

तार माझ्याच दुकानातून गेली होती. जागा कुठली, हे मी विचारलं नाही. धंद्यात विचारत नाहीत. नाना दुकानात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तार तू दिनी, आते कापाले पक्कड बी तूच दे!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

* * *

ग्रामपंचायत म्हणाली, जागा महसूलची. महसूलवाले म्हणाले, ताबा ग्रामपंचायतीचा. चार चकरा झाल्यावर नानांनी महसूलच्या साहेबांना विचारलं, "मग मी मेलो तर कोणाच्या टेबलावर ठेवायचं?"

साहेब म्हणाले, "तसा लेखी अर्ज द्या."

* * *

मध्येच महसूल ऑफिसने जागेवर बोर्ड लावला: 'ही जागा शासनाची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई होईल.' महिनाभरात पुढाऱ्याने तोच बोर्ड काढून पंपाच्या खोलीला दार केलं. वर मलाच सांगतो, "शेठ, सरकारी पत्रा एक नंबर! असा तुमच्याकडे मिळत नाही."

* * *

मोजणीवाले पहिल्यांदा आले तेव्हा नकाशा विसरले. दुसऱ्यांदा आले आणि शेरा मारून गेले, 'पीक उभे असल्याने मोजणी करता आली नाही.'

नाना म्हणाले, "पीक आहे म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून पीक आहे! साहेब, हे पोस्टात चाललं नसतं."

* * *

तिसरी तारीख मिळाली. नोटीस आली: अर्जदाराने सकाळी अकराला जागेवर हजर राहावे. नानांनी ती घडी करून खिशात ठेवली. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्याच गेले.

आत कपाशी उभी, फाटकाला कुलूप. पुढारी बाहेरगावी. शेवटी कुंपणाला लागून रस्त्याच्या कडेलाच सरण रचलं. मीही गेलो होतो.

अकराला मोजणीची जीप आली. माणसं चांगली होती. उतरली, चपला काढल्या, हात जोडले. आग जरा बसेपर्यंत थांबली. मग कारकुनाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि मला हाक मारली, "शेठ, पंच म्हणून सही द्या."

मी वाचलं. 'पुकारा केला असता अर्जदार जागेवर हजर नाहीत. सबब प्रकरण निकाली.'

नानांचे धाकटे भाऊ, आबा, माझ्या मागेच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, लिखा, नाना हजर शे."

कारकुनाने चितेकडे पाहिलं. तारेकडे पाहिलं.

"आहेत," तो म्हणाला, "पण तारेच्या बाहेर."