जुबेदाचा डबा: मयूर विहार ते गुडगाव

मी बोलते आणि माझी नात मुक्ता टाइप करते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मधे ती काय घुसडते ते देव जाणे. तिच्या ब्लॉगवर मनाली झालं, गोवा झालं. आता आजीचं गुडगाव. फोटो नाहीत. काढावे असं काही नव्हतं.

गेल्या वर्षी हे गेले. आमच्यात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळेच चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. "कारल्याचा?" मुक्तानं विचारलं होतं. दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठी हे असं. तर आमच्या घरी तो आणला वरच्या मजल्यावरच्या परमजीतनं. तिला ना शब्द माहीत, ना रीत. राजमा-चावल घेऊन आली, समोर बसली आणि "खा लो, माताजी" म्हणत माझ्या तोंडात घास घातला. तो गिळताना मला जुबेदा आठवली.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जुबेदा वीस वर्षं माझी शेजारीण. चिपळूणची. माशाच्या कालवणात मला हरवायची आणि वर सांगायची, "सुमनताई, तुमच्या घाटावर मासे फक्त चित्रात असतात." मग एक दिवस बाजारात स्फोट झाला. आमच्या कॉलनीतले चार जण गेले. त्यात जुबेदाचा सलीम, एकोणीस वर्षांचा, बहिणीसाठी बांगड्या आणायला गेलेला. तीन घरी लोकांची रीघ लागली. चौथ्या घरी चौकशीला पोलीस आले, कारण काय तर नाव. कॉलनीनं तेवढ्यावरून निकाल लावला.

मी पिठलं केलं. भाकऱ्या थापल्या. डबा घेऊन तिच्या जिन्यापर्यंत गेले. खाली चार बायका उभ्या होत्या, त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. मी परत फिरले. पुढं महिन्याभरात जुबेदाचं कुटुंब क्वार्टर सोडून गेलं. आम्हीही नंतर मयूर विहारला आलो.

तिचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहून गेला होता. त्या वर्षीच्या ईदला त्यातून शीरखुर्मा आला होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून ठेवला, आणि मग परत करायचं तोंड राहिलं नाही. मी त्यात हळद ठेवली. अकरा वर्षं. बुडाला काहीतरी कोरलेलं होतं. जुबेदाचं नाव असणार, असं मी धरून चालले.

परमजीतच्या घासानंतर वर्षभर मी मुक्ताच्या मागे लागले. तिनं जुन्या ओळखीतून पत्ता काढला: गुडगाव, मुलीकडे. शनिवारी सकाळी मी हळद वाटीत काढली, डबा घासला, त्यात पिठलं भरलं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि आम्ही निघालो.

मयूर विहारहून मेट्रो, राजीव चौकला बदलायची, तिथून पिवळी लाइन थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत. माणशी तीसच्या आतबाहेर. म्हाताऱ्यांच्या जागेवर तरुण पोरं डोळे मिटून बसलेली असतात. त्यांच्या डोक्यावर उभं राहून खोकायचं. लगेच जाग येते.

वाटेत पिठलं गळायला लागलं. मुक्तानं डबा उचलून बूड पुसलं आणि थांबली.

"आजी, यावर जुबेदा नाही लिहिलेलं."

"मग?"

"सलीम लिहिलंय. खाली तारीख आहे. जन्माची असेल."

मूल झालं की आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. तिचा मुलगा माझ्या फडताळात होता आणि मी रोज त्यातून चिमूटभर हळद घेत होते.

"परत जाऊ या का?" मुक्तानं विचारलं.

"एकदा फिरलेय मी परत," मी म्हटलं.

शेवटच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाला दीडशे म्हणाला, शंभरावर आला. रस्ता अर्धा झालेला, अर्धा खणलेला. दोन्हीकडे उंच इमारती, सगळ्या एकाच साच्यातल्या. इथं अक्षर येणारे तरी आपलं घर कसं ओळखतात कोण जाणे. फाटकावर गार्डनं वही पुढं केली.

"अम्मा, साइन."

"शाई आण, अंगठा देते."

तो हसला. मुक्तानं सही केली. गार्डनं विचारलं, "रिश्ता क्या लिखूँ?"

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पड़ोसी."

"पड़ोसी तो यहीं के होते हैं, अम्मा."

नवव्या मजल्यावर दार जुबेदानंच उघडलं. केस पांढरे, अंगावर मांस नाही. "सुमनताई," एवढंच म्हणाली. ये म्हणाली नाही. बाजूला झाली, म्हणून आत गेलो.

पाणी आलं. मी डबा पुढं ठेवला. तिनं तो उचलला आणि न बघताच बुडावरून अंगठा फिरवला.

"सलीम झाला तेव्हा आईनं चिपळूणहून आणला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी तू जिन्यापर्यंत आली होतीस."

मी भाकऱ्यांच्या फडक्याची गाठ सोडायला घेतली.

"जाळीच्या दारातून दिसलीस. लसणाच्या फोडणीचा वास आला. मी मुलीला म्हटलं, ताटं घे, सुमनताई येतेय."

"मी घाबरले, जुबेदा."

"मीही घाबरले होते. पण मला परत फिरायला दुसरं घर नव्हतं."

मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तिच्या तोंडापुढं धरला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"भूक तेव्हा लागली होती, ताई."

मी घास खाली ठेवला. तिनं पिठलं आपल्या पातेल्यात काढून घेतलं, डबा धुतला, पदरानं कोरडा केला आणि मांडीवर घेऊन बसली. निघताना पुन्हा ये म्हणाली नाही. लिफ्टचं दार मिटेपर्यंत मात्र उभी होती.

परतीला मेट्रोत गर्दी होती. कुणीतरी जागा दिली, खोकावं लागलं नाही. घरी आले तर हळद वाटीत पडलेली. अजून तिथंच आहे.

तुमचंही असं कुणाकडे जायचं राहिलं असेल, तर मेट्रो, रिक्षा सगळं वर सांगितलंय. फक्त पिठलं गरम असताना निघा. माझं अकरा वर्षांनी पोचलं.

चौथ्या दिवशी फोन वाजला. मुक्तानं माझ्या कानाला लावून दिला.

"पिठल्यात मीठ कमी होतं," जुबेदा म्हणाली, आणि ठेवून दिला.

"आजी, किती रागात आहेत त्या," मुक्ता म्हणाली.

असू दे. राग तिचा आहे आणि तो माझ्यावरच हवा. पण मीठ कमी आहे हे खाल्ल्याशिवाय कळत नाही.