वैशालीचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी पेणची. वडील गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचे. मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागले तेव्हा आमच्या सरांना त्याचं भारी कौतुक. "आखणीवाल्याची मुलगी, हिचा हात कसा हलेल?" माझ्या बरोबरीला होती रोह्याची वैशाली. शनिवारी आम्ही एकाच एसटीने गावी निघायचो. मी पेणला उतरायचे, ती पुढे जायची.

काम दोघींचं एकच. पेशीच्या पातळ आवरणातल्या रेणूंना चमकणारा रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली लेझरने एका ठिपक्यापुरती ती चमक मारून टाकायची, आणि बघत बसायचं — आजूबाजूचे चमकते रेणू सरकत येऊन तो काळा ठिपका किती वेळात भरतात. वैशालीचा ठिपका लवकर भरायचा, माझा रेंगाळायचा. दोन्ही खरे कसे असतील? सरांनी ठरवलं — वैशालीचा हात स्थिर नाही, फोकस सुटतो. आठवडाभरात जमलं नाही तर तिने संशोधन सोडावं.

आता तो दिवस. पेशींची बशी अंगाइतकी ऊबदार ठेवायला प्रत्येकीच्या सूक्ष्मदर्शकाला वेगळा छोटा हीटर होता. उबेने चित्र सरकतं, म्हणून मी तो मोजताना — नाही, नीट सांगते — फोकस लावण्यापुरता बंद करायचे. पुन्हा सुरू करायचं कित्येक आठवडे राहूनच गेलं होतं. त्या दिवशी बटणाकडे लक्ष गेलं — हीटर बंदच होता. एसीच्या गारठ्यात ते आवरण खोबरेल तेलासारखं घट्ट होतं. रेणू सरकणार कसे? म्हणजे वैशालीचंच बरोबर होतं. इथवर ती नुसती चूक होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते.

त्याच दुपारी वैशाली माझ्याकडे आली. "माझं काय चुकतंय गो? तू तरी बघ जरा. मला तर काय समजत नाय."

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात पाहिला. अगदी स्थिर होता. आणि म्हणाले, "हलतो गो तुझा हात."

का म्हणाले? घाबरले होते, हे खरं. पण सरांचं ते कौतुकही सोडवत नव्हतं — हे जास्त खरं. त्या आठवड्यात ती प्रयोगशाळा सोडून गेली. मग मी हीटर लावून सगळं पुन्हा मोजलं. उत्तर तिचंच आलं, छापलं माझ्या नावाने. "पद्धत सुधारली," एवढंच सरांना सांगितलं. सरांना वैशाली आठवलीसुद्धा नाही.

ती आता रोह्याला कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात तिने मला तिच्या वर्गासमोर बोलायला बोलावलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. तिने तो हसत माझ्याकडे सरकवला आणि मुलांना म्हणाली, "माझा हात हलतो ना, म्हणून तर संशोधन सुटलं. मॅडमचा बघा कसा हाय."

मुलं वाकून पाहू लागली. मी फोकस लावला. हात जरासुद्धा हलला नाही.