आभारापुरती मी

इतिहास कुणालाच माफ करत नाही, असं व्यासपीठामागच्या फलकावर लिहिलं होतं. त्याच फलकाखाली प्राचार्यांनी माझा निबंध धुळ्याहून आलेल्या वक्त्यांच्या हातात वाचायला दिला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या तोंडून हा विषय बरा दिसणार नाही. तुम्ही आभार माना. समाजात चांगला संदेश जातो."

जळगावच्या या कॉलेजात मी अकरा वर्षं इतिहास शिकवते. मेहरूणमधल्या मुसलमान सुताराची मुलगी. निबंध एकाहत्तरच्या युद्धावर होता. पूर्व बंगालात पाकिस्तानी सैन्याच्या हाताखाली ज्या निमलष्करी टोळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर. सैन्याला गल्ल्या माहीत नव्हत्या. टोळ्यांना होत्या. कुणाचं दार कुठलं, हे तिथल्याच पोरांनी दाखवलं. याद्या करून माणसं उचलली.

हे वक्ते कुठल्याही युद्धावर पाऊण तास बोलतात. हिंदू वस्त्या कशा वेचून जाळल्या, ते त्यांनी वाचलं. खरंच होतं ते. लिहिताना मी रडले होते. त्यांचाही आवाज दाटला. मग त्यांनी पुढचं पान न वाचताच उलटलं, कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "ही जमात कुठंही गेली तरी तशीच."

टाळ्या. मग माना माझ्याकडे वळल्या. मागे उभे असलेले आमचे शिपाई, नाना, हळूच वाकले. "बाई, मान खाले नका घालू. बठ्ठा तुमनाकडेच देखी राहिनात."

माझी मान खालीच होती.

शेजारी बारावीतली कविता बसली होती. दोन वर्षं माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसलेली. तिनं कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, मग तुमचे लोक कोणते? मारणारे की मेलेले?"

तिच्या आवाजात खोच नव्हती. खोच असती तर सोसलं असतं.

आभारासाठी माझं नाव पुकारलं. मी वर गेले. वक्त्यांसमोरचे कागद उचलले आणि त्यांनी गाळलेलं पान वाचायला लागले. टोळ्यांनी मारलेल्यांत मुसलमानही होते. प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार. युद्ध संपत आलेलं असताना त्यांना घरांतून नेलं, डोळे बांधले. प्रेतं वीटभट्ट्यांजवळच्या खड्ड्यांत सापडली. न्यायला आलेल्यांत काही जण त्यांचेच विद्यार्थी होते.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं.

प्राचार्य दातांतून म्हणाले, "मॅडम, फक्त आभार."

"नाही मानणार, सर."

माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. पण आभार सुरू झाले की आपल्याकडे लोक उठतातच. निम्मा हॉल चहाकडे गेला होता. मैत्रिणींनी हात ओढला, तशी कविताही गेली. त्यानंतर मी खाली पाहिलं नाही. पान संपेपर्यंत वाचलं.

माझे लोक कोणते, याचा दाखला मी आता कुणालाही देणार नाही. मारणारे कोण होते ते सांगेन, मेलेले कोण होते तेही सांगेन. एकही ओळ न गाळता, माझ्याच तोंडून, वर्गात, दर वर्षी.

परीक्षेला हे येत नाही. उसने घेतलेले चार तास जातात. ते नंतर मराठीच्या सरांना परत द्यावे लागतात.