ब्रेकडाऊन काकांचा पंचनामा

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आकुर्डीतल्या आमच्या सोसायटीत चालता चालता अडकलेला कॉम्प्युटर परस्पर बंद करून पुन्हा चालू करणे हा अक्षम्य गुन्हा समजला जात असे. कायदा करणारे, गुन्हेगार पकडणारे आणि शिक्षा फर्मावणारे गृहस्थ एकच : तळमजल्यावरचे ब्रेकडाऊन काका. शिक्षा म्हणजे गुन्हेगाराने समोर बसून त्यांचं व्याख्यान ऐकायचं. मी ती भरपूर भोगली आहे आणि मजेत भोगली आहे.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी फक्त कुरिअरवाले वाचत. मूळचे ते मावळातले. एका मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. यंत्र बंद पडलं की ‘ब्रेकडाऊन!’ अशी हाळी उठायची आणि काका पाना घेऊन धावायचे. निवृत्तीनंतर धावायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर ताब्यात घेतले. “लेथ मशीन काय अन् ह्ये काय,” ते म्हणायचे, “बंद पडायची कारणं मान्संच पुरवत्यात.”

फोन केला की पलीकडून एकच वाक्य यायचं, “हात लावू नगंस, आलो!” मग खांद्यावर टॉवेल, कपाळावर चष्मा आणि खिशात स्क्रू ड्रायव्हर अशी स्वारी दाखल व्हायची. प्रोग्रॅम कोसळताना स्क्रीनवर जो इंग्रजी मजकूर येतो ना, जो आपण न वाचता ‘ओके’ दाबून घालवतो, तो काका मोठ्याने, आकड्यांसकट, पोथी वाचावी तसा वाचायचे. मी एकदा घाईने ‘ओके’ दाबलं, तर माझा हात धरून म्हणाले, “अरे, मरता मरता बिचारा कायतरी सांगतोय, अन् तू त्याचं त्वांड दाबतोस व्हय?”

मग उलटतपासणी. “काल नवीन काय टाकलंस?” यावर प्रत्येकाचं उत्तर असे, “काही नाही, काका.” मीही तेच म्हणालो होतो. पत्र लिहायला बसलो की माझा प्रोग्रॅम आपोआप बंद व्हायचा. काकांनी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. अखेर मला कबूल करावं लागलं की भाच्याच्या लग्नाची पत्रिका सजवायला मी कुठून कुठून फुकटचे फॉन्ट आणून भरले होते. सगळे एकदम उडवून टाकू, असं मी सुचवलं मात्र, काका कडाडले, “मंग गुन्हेगार कोन त्ये कळनार कसं? सगळ्या गावाला फाशी देतोस का काय? एका टायमाला एकच काढायचा!” एकेक फॉन्ट काढायचा आणि पत्र उघडून बघायचं, असं करत आमचा रविवार गेला. शेवटी सापडला तो सगळ्यात नटवा फॉन्ट. काकांनी त्याला अटक केल्याच्या थाटात खुर्ची मागे सारली आणि चहा मागितला.

एवढा दरारा असूनही ‘तुझी चूक’ हे दोन शब्द मात्र त्यांनी कुणालाच ऐकवले नाहीत. कारण त्यांच्या नोकरीत होतं. कारखान्यात यंत्र थांबलं की रिपोर्टात ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहिणं सगळ्यात सोपं असायचं, आणि तेवढ्यावर पोरांच्या नोकऱ्या जायच्या. कारण सापडल्याशिवाय काका त्या रिपोर्टावर सहीच करत नसत.

“म्हणून तर यांचं प्रमोशन राहिलं,” काकू सांगायच्या.

“ऱ्हायलं तर ऱ्हायलं,” काका म्हणायचे, “झोप तर लागली.”

आता उज्ज्वलाची गोष्ट. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. चाकणच्या एका कंपनीत यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायची. कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. बरेच महिने खटपट केल्यावर चाकणच्याच एका छोट्या कारखानदाराने तिच्याकडून नमुन्यादाखल एक ड्रॉइंग मागितलं. दुपारपर्यंत पोचलं आणि पसंत पडलं तर घरबसल्या कायमचं काम, नाही तर त्याच्याकडे दुसरा माणूस तयार होता. त्या सकाळी ड्रॉइंग पुरं होत आलं आणि तिचा प्रोग्रॅम गपकन बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

“काका, जरा येता का?” तिचा आवाज ऐकूनच काका टॉवेल विसरून वर धावले. मागोमाग काकू, आणि त्यांच्या मागे, तमाशा चुकू नये म्हणून, मी.

काकांनी आधी मजकूर वाचला. नवं अपडेट काढून बघितलं. बंद. अँटिव्हायरस थांबवून बघितला. बंद. मग दुसरं एक लहानसं ड्रॉइंग उघडलं, तर ते बिनतक्रार चाललं.

“ल्हान चालतंय, मोठं न्हाई. म्हंजी वझं पडलं की बसतंय. उजू, कवापासनं?”

“दसऱ्यापासून, काका.”

“दसऱ्याला नवीन काय टाकलंस?”

“मी काही नाही टाकलं,” उज्ज्वला म्हणाली आणि काकूंकडे बघायला लागली. काकू उगाचच खोकल्या.

काकांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं. आत स्क्रीनवर ड्रॉइंग फिरवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर वाळक्या झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि हाराचा दोरा पात्यांना करकचून गुंडाळला होता. पंखा ठप्प.

झालं होतं असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तशी काकांनी सोसायटीतल्या कॉम्प्युटरांची सुरू केली होती. उज्ज्वलाला काम मिळावं म्हणून तिच्या डब्याला त्यांनी जरा जास्तच भरघोस हार घातला, आणि तो निसटू नये म्हणून त्याचं टोक मागच्या फटीतून व्यवस्थित आत खोवलं. मेंटेनन्सचं काम! हार नंतर निघाला, टोक तुटून आतच राहिलं.

“तुला म्हाईत हुतं?” काकांनी हळूच विचारलं.

“शंका होती, काका. पण तुम्ही इतक्या मायेने बांधला होता...”

खरं सांगतो, काकांना असं पकडायची मी किती दिवस वाट बघत होतो. पण तो चेहरा बघून मला हसवेना. काका खाली बसून काकूंच्या कात्रीने दोरा कापत होते, एकेक पाकळी वेचत होते.

तेवढ्यात फोन वाजला. चाकणहून कारखानदार. “सर, कॉम्प्युटर जरा...” एवढंच उज्ज्वला बोलली असेल. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, “मॅडम, सगळे कॉम्प्युटरवरच ढकलतात. चालवता येत नसेल तर तसं सांगा.”

काका उठले आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

उज्ज्वलाला संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. ड्रॉइंग गेलं, पसंत पडलं, आणि ते काम आजही तिच्याकडे आहे. काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या शोकसभेत सगळे डोळे पुसत असताना उज्ज्वलाने हीच हकिगत सांगितली आणि सभा हसू लागली. त्या दुपारी फोन हातात घेतला तेव्हा खरं तर काकांच्या मनात मोठं कार्यालयीन निवेदन करायचं होतं. शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला, साहेबासमोर उभं राहावं तसे ताठ झाले आणि शुद्ध भाषेत सुरुवात केली, “नमस्कार, मी मेंटेनन्स विभागातून बोलतो आहे.” पुढचं वाक्य काही केल्या येईना. आणि मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं :

“सायेब, पोरीची काय बी चूक न्हाई, मीच तिच्या कॉम्प्युटरच्या नाकात झेंडू कोंबलाय!”