पंपकाकांची गच्ची

पंपकाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं कोणास ठाऊक. मी या इमारतीत राहायला आले तेव्हा ते रूढच झालेलं होतं. घरांतली झुरळं, ढेकूण, वाळवी मारायचं औषध फवारणाऱ्या एका छोट्या कंपनीत काका एकतीस वर्षं नोकरीला होते. पाठीवर पंप, हातात नळी, आणि चालताना पंपातलं औषध डचमळत असायचं. हॉटेलांची स्वयंपाकघरं, धान्याची गोदामं, दवाखान्यांचे जिने, सगळीकडे त्यांनी फवारा मारलेला. स्वभावाने मात्र इतके मवाळ, की काकू म्हणायच्या, "माणसांपुढे तोंड उघडत नाहीत, सगळा पराक्रम झुरळांपुढे."

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंनी जीव लावला तो गच्चीवरच्या झाडांना. रंगाचे रिकामे डबे, कान तुटलेली बादली, गळका कुकर, कोणीतरी टाकून दिलेलं भांडी घासायचं सिंक, जे हाताला लागेल त्याला खाली भोकं पाडून त्या माती भरायच्या. त्यात गुलाब, झेंडू, सदाफुली आणि कठड्यावरून खाली सांडणारी पिटुनिया. विकतच्या कुंड्या जेमतेम चार. आणि नियम एकच होता. पंप गच्चीवर यायचा नाही. तो जिन्याखालच्या लाकडी पेटीत, कुलपात. "तुमचा पंप आणि माझी झाडं यांची सोयरीक नको," असं त्या सरळ सांगायच्या. काकाही कधी हुज्जत घालत नसत.

पण कामाचे कपडे घरी यायचेच. रोज संध्याकाळी काका आधी मोरीत जाऊन अंघोळ करायचे, आणि त्यांनी काढून ठेवलेला खाकी शर्ट आणि पँट काकू हाताने धुवायच्या. वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने, पण उघड्या हातांनी. एकतीस वर्षं.

काका निवृत्त झाले, त्यानंतर दोन वर्षांनी काकूंना कोरडा खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणून, मग धुळीने, मग वयाने, अशी कारणं काढत सहा महिने गेले. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. डॉक्टरांकडे जाताना मी सोबत असायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला समजेल असा काकांचा समज होता. एकदा काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या तेव्हा काकांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझे कपडे ती धुवायची. औषधाचे. त्यातून झालं असेल का?"

डॉक्टर म्हणाले, "असेलही, नसेलही. कारण सापडत नाही अशीच माणसं जास्त येतात आमच्याकडे. नक्की काही सांगता येणार नाही."

काकांनी मान डोलावली. बाहेर येऊन काकूंना हात देऊन उठवलं. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कोणाला विचारला नाही. नक्की काही कळलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं. ऐन थंडीत काकू गेल्या.

त्यानंतर कितीतरी आठवडे गच्चीचं दार कोणी उघडलं नाही. थंडी ओसरल्यावर एका रविवारी मी गाद्या उन्हात टाकायला वर गेले, तर काका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसलेले. हातात पाण्याचा मग. समोर काकूंचा मोठा गुलाब, काड्याकाड्या झालेला, आणि त्या काड्यांवर तांबूस कोंब.

"मी तोडून टाकायला आलो होतो," काका म्हणाले. "वाळला असं वाटलं. हे बघ."

त्या दिवसापासून ते रोज वर जाऊ लागले. त्यांना बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी इतकं पाणी घातलं, की दोन सदाफुल्या मुळातून सडल्या. काकूंनी कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं: त्या मातीत बोट घालायच्या, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. कुंड्या वर्षातून एकदा उपसायच्या, तळाची भोकं सळईने मोकळी करायच्या, जुन्या मातीत सुका पालापाचोळा आणि कुजलेलं खत मिसळायच्या. काकांनी एकेक डबा उपसला. कुकरमधून मुळांचा गठ्ठा निघाला, अगदी कुकरच्याच आकाराचा. तो हातात धरून ते म्हणाले, "बिचाऱ्याला पाय पसरायलाही जागा नव्हती," आणि ते झाड त्यांनी सिंकमध्ये हलवलं.

ऊन वाढलं तशी पालवी आली, कळ्या धरल्या, आणि पालवीमागून मावा आला. गुलाबाच्या प्रत्येक कोवळ्या शेंड्याला हिरव्या बारीक किड्यांचा लेप. पानं आकसली, खालच्या पानांवर चिकटा पसरला. त्यावर मुंग्यांची रांग.

पहिल्या मजल्यावरचे दुकानदार वर आले होते. ते हसून म्हणाले, "काका, वाघाच्या गुहेत उंदीर शिरले म्हणायचे! एक फवारा मारा की. तुमच्यासाठी चुटकीसरशी काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना मी पाहिलं, काका जिन्याखाली पेटीपुढे उकिडवे बसले होते. निवृत्तीनंतरही पंप तिथेच होता. कुलूप उघडं, झाकण उघडं. मी थांबले.

"भरणार होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "झाकण उघडलं आणि वास आला. मला एरवी वास फारसा येत नाही आता. पण हा आला. तिच्या हातांना यायचा ना, तोच." त्यांनी झाकण लावलं. "जा तू. तुझी घंटा होईल."

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. बादलीत पाण्यात थोडा साधा साबण किसून विरघळवायचा, मऊ फडक्याने प्रत्येक पानाची खालची बाजू पुसायची, कोंब बोटांच्या चिमटीत धरून धुवायचे, आणि तासाभराने स्वच्छ पाण्याने सगळं झाड न्हाऊ घालायचं. मुंग्या वर चढू नयेत म्हणून कुंड्या पाणी भरलेल्या बशांत ठेवल्या. मागोमाग आलेली बारीक पांढरी माशी चिकटून बसावी म्हणून पिवळ्या पुठ्ठ्याला तेल फासून काठीला लावलं. गुलाबांच्या मधेमधे झेंडू लावला. चाळीस डबे-कुंड्या आणि एक म्हातारा माणूस. सकाळी सातला सुरू करायचे ते अकरापर्यंत. ज्याने एकतीस वर्षं खोलीभर किडे पाच मिनिटांत संपवले, तो आता एकेका पानाशी अर्धं अर्धं मिनिट घालवत होता.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाजात उत्साह होता, काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"मास्तरीणबाई, वर ये! नवीन जात सापडली. काळी, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, मगरीसारखी दिसते. चिवट आहे. सकाळपासून तीसेक चिरडल्या."

मी वर गेले. फरशीवर पडलेल्या अळ्या पाहिल्या. सांगू की नको असं झालं. पण न सांगून चालणार नव्हतं.

"काका, ही कीड नाही. त्या लाल, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याची ही पिल्लं. ती मावा खातात. एकेक अळी दिवसाला पन्नास मावा सहज फस्त करते. म्हणजे ती तुमच्या मदतीला आली होती."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी फडकं बादलीत ठेवलं आणि ते शर्टाला हात पुसत राहिले, कोरडे झाल्यावरही.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "एवढी वर्षं लोक मला विचारायचे, हा मरेल का, किती दिवसांत मरेल. हा आहे कोण, असं कोणीच विचारलं नाही. मीही नाही."

त्या दिवशी ते खाली घरात गेले ते जेवायलाही उठले नाहीत. मी डबा नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतलं एक भिंग त्यांना आणून दिलं. गुलाबाच्या आतल्या एका फांदीवर पाच अळ्या उरल्या होत्या. काकांनी त्या फांदीला दोरा बांधला, ओळखायला. तिथे ते पाण्याचा मगसुद्धा जपून धरायचे. पंधरवड्याने त्या फांदीवर मावा औषधालाही उरला नाही. वसंत भरात आला तेव्हा गच्चीवर पिटुनियाचे जांभळे झोत कठड्यावरून खाली लोंबत होते आणि मोठ्या गुलाबाला अकरा फुलं होती. अर्थात सगळंच साधलं नाही. काकूंचा आवडता पिवळा गुलाब मेला तो मेलाच.

याच सुमाराला कमिटीने डासांसाठी इमारतीत फवारणी ठरवली. आला तो काकांचा जुना जोडीदार. दोघांनी वीस वर्षं एकत्र काम केलेलं. गच्चीच्या दारात तो पंप पाठीवर घेऊन उभा राहिला.

"अरे वा, गड्या! तू आणि फुलं?"

"गच्चीवर मारायचं नाही," काका म्हणाले. "डासांची अंडी साचलेल्या पाण्यात असतात. बशा मी दर दोन दिवसांनी पालथ्या घालतो. हवं तर वरची टाकी बघ, झाकण घट्ट आहे."

"बरं बाबा. तुझं राज्य." जोडीदार हसला आणि खाली वळला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर औषधाचा ओला डाग पसरला होता. पंप गळत होता.

"थांब," काका म्हणाले. "तुझे कपडे कोण धुतं?"

"म्हणजे? बायको. आणखी कोण धुणार?"

"हातमोजे घालून?"

"काय चेष्टा करतोस! कपडे धुवायला कोणी हातमोजे घालतं का?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. जोडीदार काकूंना भेटायला शेवटी दवाखान्यात आला होता. काकूंना काय झालं आणि काकांचे कपडे त्याच धुवायच्या, हे त्याला माहीत होतं, फक्त त्याने ते कधी स्वतःच्या घराशी जोडलं नव्हतं. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"शर्ट काढ," काका म्हणाले. खाली जाऊन त्यांनी आपला धुतलेला शर्ट आणि पायजमा आणला. जाडे रबरी हातमोजे घातले, गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या नळाखाली जुना टब ठेवला आणि जोडीदाराचे कपडे तीन पाण्यांतून काढले. जोडीदार कठड्याशी उभा होता, काकांच्या ढगळ पायजम्यात. त्याला त्या वेशात पाहून एरवी मी हसले असते.

"दर शनिवारी आणून देत जा," काका म्हणाले. "आणि पंपाचा वायसर बदल आधी."

पुढच्या शनिवारी जोडीदार आला, आणि कंपनीतल्या आणखी दोघांचे कपडे घेऊन आला. काका मालकांकडेही जाऊन आले. कामाचे कपडे कामावरच धुवायची सोय करा, म्हणाले. मालकांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले. ते बघेपर्यंत काका धूत राहिले. वर्षभराने कंपनीच्या गोदामात कपडे धुवायचं एक जुनं मशीन आलं खरं, पण ही गोष्ट त्याआधीची आहे.

तिसऱ्या शनिवारी जोडीदाराची बायको स्वतः गच्चीवर आली. दम लागलेला, कपाळाला आठ्या.

"भाऊजी, मी धुते ते स्वच्छ निघत नाहीत का? बावीस वर्षं धुतेय. हे काही सांगत नाहीत, नुसते पिशवी भरून इकडे आणतात. शेजारणी विचारतात मला."

काकांनी तिला डब्यावर बसायला सांगितलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते, निघाले. "तू थांब," ते मला म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. खाकी कपडे, बादली, खोकला, डॉक्टरांचं उत्तर. कुठेही आवाज चढला नाही की दाटला नाही. शेवटी म्हणाले, "त्यानेच झालं असं मी म्हणत नाही, वहिनी. मला माहीत नाही. पण मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी तिला त्या कपड्यांना हात लावू दिला नसता."

ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. तळवे उलटे करून, सुलटे करून. मग पदराने डोळे टिपले आणि भलतंच बोलली.

"माझ्याकडे खिडकीत एक गुलाब आहे. पानं आकसतात. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, फवारतो. मीच नको म्हणते."

"बरं करता," काका म्हणाले. ते उठले, मोठ्या गुलाबाची एक फांदी तिच्यासमोर वाकवून धरली, पान अलगद उलटं केलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

"आधी इथे खालून बघायचं," ते म्हणाले. "घाई करायची नाही."