मुकुंदरावांच्या रॉडवरची लाइन

ताईंचा फोन आला तेव्हा मी ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरखाली गाडी लावत होतो. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. "शिरीष, हे गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मागे कुणीतरी इंग्रजीत हळू आवाजात बोलत राहिलं... मुकुंदराव आजारी होते, काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मी मूर्खासारखं "कधी?" असं विचारलं. त्याला आता सात आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं. पण एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली, ती काही केल्या डोक्यातून जात नाही.

मुकुंदराव माझे साडू. दोन साडूंची तुलना करायला सासुरवाडी नेहमी टपलेलीच असते, त्यामुळे या नात्यात सहसा फार जमत नाही. आमचं जमलं ते माशांमुळे, आणि तेही एका पक्क्या शाकाहारी माणसाच्या नादाने. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटला राहायचे आणि इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करायचे. आठवडाभर लिफ्टचे पोलादी दोर बघायचे, कुठे एखादी तार तुटली आहे का ते शोधायचं. आणि शनिवारी मला गाडीत घालून आयल्डनच्या तलावावर मरे कॉड नावाचे मोठे मासे धरायला न्यायचं. मासा धरायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पाण्यात सोडून द्यायचा. संकष्टी असली तर तेही नाही. "खायचे नाहीत तर छळता कशाला त्या बिचाऱ्यांना?" असं ताई विचारायच्या. "तुझ्या भावाला दरवर्षी बोलावतो, भेटतो, परत पाठवतो. त्याला खातो का मी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सामान घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दिसेल ती लाइन, म्हणजे गळाची दोरी, उचलत होतो. त्यांनी ती हातातून काढून घेतली. मुख्य लाइन विणलेली हवी, ब्रेड. ती बारीक असते, ताणली जात नाही, त्यामुळे खोल पाण्यात आमिष वर-खाली नाचवताना माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. पण लाकडाला घासली की तिचा निकाल लागतो, आणि आयल्डनच्या तळाशी तर अख्खं रान बुडालेलं आहे. म्हणून तिच्या टोकाला दोन हात लांबीचा जाड, गुळगुळीत नायलॉनचा तुकडा बांधायचा, तो लीडर. मी चाळीस पौंड ताण सोसणारा उचलला, त्यांनी तो जागेवर ठेवून ऐंशीचा घेतला. "मासा नाही रे तोडत, लाकूड तोडतं," म्हणाले. आमिष कुठेही अडकून सुटलं की लीडर चिमटीतून ओढून बघायचा आणि जरा खरखर लागली तर तेवढा भाग कापून नव्याने बांधायचा. यात त्यांच्याकडे माफी नव्हती. माझ्या आळशीपणावरून त्यांनी मला बोटीत कितीदा झापलंय!

मग केमो सुरू झाली आणि त्यांच्या बोटांची जाणीवच गेली. शर्टाची बटणं ताई लावू लागल्या. गेल्या जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, मात्र हट्टाने निघाले. मीटरभर लांबीचा कॉड एकदा तरी धरायचा होता, आणि पुढचा हिवाळा आपल्याला दिसणार नाही हे ते जाणून होते. आमिषाची गाठ मला बांधू दिली नाही. अर्धा तास खटपट करून, दोनदा सोडून, स्वतःच बांधली. मी तोवर थर्मासशी उगाच चाळा करत बसलो, कारण त्या हातांकडे बघवत नव्हतं.

दुपारी आमिष लाकडात अडकलं. बोट फिरवून आम्ही ते सोडवलं.

"लीडर चेक करतोस का रे? मला काही कळत नाही हाताला."

गार वारा सुटला होता. खिशातून हात काढायचं माझ्या जिवावर आलं. वरवर नजर टाकली आणि म्हणालो, "हो, ऑल गुड."

पाचच मिनिटांत रॉड वाकला. मासा एकदा वर आला. हिरवट ठिपक्यांची रुंद पाठ, मीटरच्या वरच असणार. मुकुंदराव लहान मुलासारखे हसत होते. मग त्याने पुन्हा तळ गाठला आणि लाइन एकदम सैल पडली...

"माझीच गाठ सुटली," ते म्हणाले. "बोटांनी दगा दिला." माझ्याकडे पाठ करून त्यांनी लाइन गुंडाळली. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हा किस्सा सांगायचे, "गाठ सुटली माझी," आणि मी शेजारी बसून चिवडा खायचो. शेवटपर्यंत मी त्यांना त्यांच्या हातांनाच दोष देऊ दिला. याची मला लाज वाटते.

परवा रविवारी टार्निटला गेलो होतो. ताईंनी गॅरेजमधून त्यांचा रॉड काढून माझ्या हातात दिला. लाइन तशीच होती. मी लीडरचं टोक उजेडात धरलं. गाठ सुटली की टोकाला कुरळं वळण राहतं. इथे वळण नव्हतं. टोक फाटलेलं, आणि वर वीतभर पांढरे ओरखडे. जन्मभर दोर तपासणाऱ्या माणसाची बोटं गेली होती, डोळे शाबूत होते. त्यांना बोटीतच कळलं होतं.

"अरे, एक विसरलेच मी," ताई म्हणाल्या. "हॉस्पिटलात दोनदा बजावलं होतं त्यांनी. म्हणाले, रॉड शिरीषला दे, पण आधी दुकानातून लाइन नवीन घालून घे, जुनी त्याच्या हातात देऊ नकोस. माझं राहूनच गेलं बघ."

"असू दे ताई," मी म्हणालो. "मी बदलतो."

अजून बदललेली नाही.